गुरुवारची मोकळी दुपार

रविवार, ४ जानेवारी

सकाळी चहाच्या कपाशेजारी एक पुस्तिका. चकचकीत कागद, वर पाणी ओकणारा दगडी सिंह. सिंगापूर, चार रात्री पाच दिवस, मराठी जेवणासहित. हे म्हणाले, "वाचून ठेव. फेब्रुवारीत जाऊ म्हणतो." आणि बूट घालून टेकडीवर गेले.

मी कप हातात धरून तशीच बसले. छत्तीस वर्षांच्या संसारात हे आपणहून महाबळेश्वरलासुद्धा चला म्हणाले नाहीत. बरं, जायचंच तर बँकॉक आहे, बाली आहे, खालच्या मजल्यावरच्या सु.ताई व्हिएतनामला जाऊन आल्या. सिंगापूरच का?

नि. तिथे असतो. निखिल, आमचा एकुलता एक. चार वर्षं झाली. ह्या घरात त्या शहराचं नाव निघत नाही. बातम्यांत आलं तर हे चॅनल बदलतात.

सातला नि.चा फोन आला, दर रविवारी येतो तसा. हे टेकडीवर असतात तेवढ्यात आम्ही बोलून घेतो. एरवी हे साडेसातला घरात असतात, रविवारी आठ होतात. कट्ट्यावर मित्र भेटतात म्हणे. ते बरंच आहे.

पुस्तिकेचं बोलले नाही. "आई, आवाज असा का?" "सर्दी." सर्दी कसली, पुस्तिका समोरच पडली होती.

सोमवार, ५ जाने.

रात्रभर एकच. ह्यांच्या मनात काय आहे? दोनच शक्यता. एक, भेटायचंय पण तोंडाने म्हणवत नाही. दोन, त्याच्या गावात जाऊन, चार दिवस हिंडून, फोटो काढून, त्याला न भेटता परत येऊन दाखवायचंय. दुसरी ह्यांना जास्त शोभते.

खडकीच्या फॅक्टरीत ह्यांनी तेहतीस वर्षं तपासणी विभागात काढली. माल बघायचा, मापायचा, पास नाहीतर रिजेक्ट. घरी आल्यावरही डोळे तेच. माझ्या पोळ्या, नि.चे मार्क, दुधाच्या पिशवीवरची तारीख. नि.चं लग्न ह्यांनीच जुळवलं, विभागातल्या मित्राच्या मुलीशी. चौदा महिन्यांत मोडलं. मुलगीही वाईट नव्हती, नि.ही नाही, नाही पटलं. पण मित्र कायमचा तुटला, आणि ह्यांनी हॉलमध्ये, माझ्या नणंदेच्या देखत नि.ला सांगितलं, "माझ्याकडून तू रिजेक्ट."

शिवी दिली असती तर पोरगा विसरला असता. त्याने बॅग भरली. तेव्हापासून बापलेक बोललेले नाहीत.

आणि आता सिंह.

गुरुवार, ८ जाने.

नावं दिली. आता मागे फिरणं नाही.

कार्यक्रमाचा कागद आला. मी लगेच वे.प. करायला घेतलं. तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मीच लावत होते, हात शिवशिवतातच. आडवे वार, उभे तास. सोमवार: पोचणे, आराम, संध्याकाळी दिव्यांची बाग. मंगळवार: पक्षी, रात्री जंगलसफारी (ह्यांना स्वेटर? तिथे स्वेटर?? तरी घ्यावा). बुधवार: सेंटोसा बेट, दोरावरच्या पाळण्यातून जायचं आहे, मी डोळे मिटून बसणार. गुरुवार: सकाळी ऑर्किडची बाग, मग "दुपारी दोन ते सहा मोकळा वेळ, खरेदीसाठी". शुक्रवार परत.

फ्रिजवर चिकटवलं. गुरुवारचा तो चौकोन रिकामा. शाळेत मोकळा तास कधी मोकळा राहिला नाही. कोणी ना कोणी रजेवर असायचंच, आणि तो तास कोणाच्या तरी गळ्यात पडायचा. हा कोणाच्या पडणार?

हे आले, वाचलं, सोमवारची वेळ पाच मिनिटांनी चुकली होती ती दाखवली. गुरुवारबद्दल चकार शब्द नाही.

शुक्रवार, ९ जाने.

फॉर्म ह्यांनीच भरले. छापल्यासारखं अक्षर, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मी सही करायला घेतला तेव्हा दिसलं. "तिथे नातेवाईक अथवा परिचित आहेत का? असल्यास नाव व पत्ता." पुढे ह्यांच्या अक्षरात: नाही.

मी सही घाईघाईत ओढली तशी हे म्हणाले, "पासपोर्टवरच्या सारखी कर. नाहीतर परत पाठवतील."

म्हणजे दुसरी शक्यता. मला उगाच आशा लागली होती. स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसले. कांदा लागत नव्हता कशालाच.

रविवार, ११ जाने.

आज नि.ला सांगितलं. न सांगता गेले असते तर आयुष्यभर बोचलं असतं.

त्याने आधी तारखा विचारल्या. मग, "बाबा कशाला येतायत?"

"फिरायला."

"मग फिरा. छान शहर आहे."

असं अगदी बापासारखं बोलतो कधीकधी. मला रडूच आलं. मग नरमला. त्या आठवड्यात कामासाठी मनिलाला जावं लागेल कदाचित, म्हणाला, बघून सांगतो. खरंच जायचंय की टाळतोय? फोन ठेवल्यावर हे विचारायचं सुचतं.

मंगळवार, १३ जाने.

व्हिसाचे फोटो. स्टुडिओवाला म्हणाला, "हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत." ह्यांना हसू नका सांगावं लागणं म्हणजे गंमतच आहे. माझा फोटो मात्र पकडून आणलेल्या बाईसारखा आलाय. आरशात बघितलं तर हल्ली तशीच दिसते.

बुधवार, १४ जाने.

संक्रांत. ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. एरवी एक खातात. आज दुसरा मागितला आणि तो खाल्ला नाही, रुमालात बांधून कपाटात ठेवला. कोणासाठी? विचारलं नाही. विचारलं तर "मुंग्यांसाठी" म्हणाले असते. पांढरे तीळ बरेच उरलेत.

रविवार, १८ जाने.

नि. म्हणाला, मनिला रद्द. (की नव्हतंच?) "आई, तू एकटी येणार असशील तर गुरुवारी भेटू. दुपारी अडीच. मी सांगीन त्या स्टेशनखाली उभा राहतो. बाबांना नको आणूस. मला आता परत ते सगळं नकोय."

मी हो म्हणाले. लगेच. एका क्षणात.

आता बसलेय. तिथली भुयारी गाडी, सरकते जिने. आपल्या मेट्रोच्या जिन्यावरसुद्धा मी आधी देवाचं नाव घेते. आणि ह्यांना काय सांगायचं? चार तास मी कुठे होते? खरेदी? माझी खरेदी चाळीस मिनिटांच्या वर गेली नाही, हे पूर्ण कर्वेनगरला माहीत आहे.

पण चार वर्षांनी लेकरू दिसेल. संध्याकाळी सु.ताईंकडे जाऊन तांदूळ भिजवून आले. अनारसे. नि.चा जीव की प्राण. ह्यांना कळू नये म्हणून पीठ सु.ताईंकडे. सु.ताई म्हणाल्या, "आपल्याच पोरासाठी अनारसे चोरून? धन्य आहे तुमच्या घराची." त्यांचं तोंड असंच आहे, पण तांदळाचं पाणी रोज बदलायचं त्यांनी न सांगता अंगावर घेतलं.

मंगळवार, २० जाने.

बुधवार पेठेत. तिथल्या सॉकेटला चालेल असा जाड, चौकोनी पायांचा प्लग हवा होता. दुकानदार: "सिंगापूरला जाताय? जगातल्या निम्म्या इलेक्ट्रिकच्या वस्तू तिथूनच येतात. तिथे घ्या की." हे हलले नाहीत. प्लग उलटापालटा केला, काउंटरवर लावून बघितला, दुसरा मागितला, तिसरा मागितला. दुकानदार म्हणाला, "काका, घेणार आहात की परीक्षा घ्यायला आलात?" शेवटी पहिलाच घेतला.

जाताजाता दगडूशेठला हात जोडले. माझं मागणं लांबलचक होतं. ह्यांचं नेहमी दोन सेकंदांत आटपतं. आज माझ्यानंतरही उभे होते, मागच्या बाईने "पुढे व्हा" म्हणेपर्यंत. मी चप्पल शोधतेय असं दाखवलं.

बुधवार, २१ जाने.

तीन दिवस भिजलेले तांदूळ उपसले, पंच्यावर पसरले, ओलसर असतानाच दळले, चाळले, गूळ मळला. गोळे करून डब्यात. आता आठवडाभर मुरायचं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "जिन्यात तांदळाचा आंबूस वास येतोय कसला."

"सु.ताईंचं इडलीचं पीठ असेल."

"असेल."

शनिवार, २४ जाने.

स्वप्न. मी त्या स्टेशनाखाली उभी, शेकडो माणसं जिन्यावरून खाली येतायत आणि सगळ्यांचे कान दिसतायत पण नि. मला ओळखता येत नाही. घामाघूम. उठून फोनमधले त्याचे फोटो बघितले. दाढी ठेवलीय. चष्म्याची काडी बदलली. ओळखेन. न ओळखायला काय झालं?

व्हिसा आला. दोघांचाही. जीव भांड्यात पडावा तर उलट धडधड वाढली. नसता आला तर सगळ्यातून सुटले असते, असं मनात येऊन गेलं. आईने असा विचार करावा?

गुरुवार, २९ जाने.

हे बँकेत. तेवढ्यात सु.ताईंकडे तूप तापवलं. खसखशीवर थापून एकेक सोडला. पहिले दोन हसले, म्हणजे तुपात फुटून पसरले, मग आच कमी केली आणि पुढचे जाळीदार, सोन्यासारखे. वरून झाऱ्याने तूप उडवत बसले, उलटायचे नसतात. सव्वीस निघाले. डब्यात कागद घालून भरले. वर 'नि.' लिहिलेली चिठ्ठी लावली. अर्धं पीठ उरलंय, ते सु.ताईंना देऊन टाकणार होते. बरं झालं नाही दिलं, पण ते आज कुठे माहीत होतं. (हे वाक्य शनिवारी घातलंय.)

शनिवार, ३१ जाने.

सहलीची बैठक. एका हॉलमध्ये आम्ही अडतीस जण, बहुतेक सगळे आमच्याच वयाचे, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकचे फोल्डर. टूर मॅनेजर तन्वी, नि.पेक्षाही लहान. "काका, काकू, हे फार इम्पॉर्टंट आहे हं. च्युइंग गम नाही, ई-सिगारेट नाही. आणि खसखस नाही. तिथे खसखस ड्रग्जमध्ये मोडते. बॅग चेक करतात. सापडलं तर मी काहीच करू शकणार नाही."

हॉलमध्ये एकच कल्ला. एक बाई, "अहो, माझ्या गोड्या मसाल्यात आहे खसखस!" दुसऱ्या, "डोक्याला लावायच्या तेलात असते का हो?"  सव्वीस अनारसे, प्रत्येकावर शेकडो दाणे. ते डोळ्यांसमोर, आणि मी विमानतळावर पोलिसांसमोर. आणि स्टेशनाखाली नि. वाट बघत.

तेवढ्यात शेजारी खुर्ची वाजली. हे उठून उभे.

"अनारसे असतील तर? खसखस झाडून नेले तर चालतील का?"

सगळे हसले. तन्वीही. "काका, एकही दाणा नको. रिस्क नको."

ह्यांनी डायरीत लिहून घेतलं: खसखस, एकही दाणा नको. खाली रेघ मारली. बसले.

 अनारशांचं सु.ताई आणि मी सोडून कोणालाही ठाऊक नाही. रिक्षात विचारलं, "अनारशांचं कसं सुचलं हो तुम्हाला?"

"सर्वसाधारण प्रश्न होता."

सर्वसाधारण! जगात कोणी खसखस म्हटल्यावर सर्वसाधारणपणे अनारसे म्हणेल का? काय काय माहीत आहे ह्यांना? आणि माहीत असून गप्प आहेत ते कशासाठी? तिथे जाऊन ऐन गुरुवारी मला अडवायला?

रविवार, १ फेब्रु.

नि.चा फोन. स्टेशनचं नाव, कुठल्या बाजूचा जिना, खाली फुलांचं दुकान, त्याच्यासमोर. नकाशा पाठवला. "बाबांना काय सांगणार आहेस?"

"सांगीन काहीतरी."

"आई, तुला खोटं जमत नाही."

"गेली चार वर्षं दर रविवारी जमतंय की."

ह्यावर तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

मंगळवार, ३ फेब्रु.

सु.ताईंकडे पीठ बघायला गेले. पीठ ठीक आहे. पहिले सव्वीस त्यांच्या भिशीच्या बायकांनी संपवले, तेवढंच सत्कारणी लागले.

मी रडगाणं लावलं. ह्यांना कसं कळलं, कुठून कळलं, फोनचंही कळलं असेल का. सु.ताई पीठ मळता मळता थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्या ह्यांना दम लागतो का हो चढताना?"

"नाही. का?"

"दर रविवारी साडेसातला टेकडीवरून येतात ते खाली पार्किंगमध्ये बाकावर बसलेले असतात. आठ वाजेपर्यंत. एकटेच. मी दूध घ्यायला जाते तेव्हा बघते. मला वाटलं, दम खात असतील. पण मग रविवारीच कसा दम लागतो, असंही वाटायचं."

मी म्हटलं, कट्ट्यावर मित्र भेटतात.

"कसला कट्टा? पावसाळ्यात छत्री घेऊन बसलेले पाहिलेत मी."

मी घरी कशी आले कळलं नाही. चार वर्षं. दर रविवारी. माझा फोन संपेपर्यंत हा माणूस खाली बसतो. आणि मी वर बसून आवाज हळू करून बोलते, दाराकडे कान ठेवून.

राग आला. इतका आला की संध्याकाळी आमटीत मीठ घातलं नाही आणि मुद्दाम सांगितलंही नाही. ह्यांनी खाल्ली. बोलायला काय होतं? एक दिवस वर येऊन, फोन इकडे दे, एवढंच म्हणायला काय होतं?

रात्री रडले. रागाने की कशाने, माहीत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रु.

संक्रांतीचे उरलेले पांढरे तीळ सु.ताईंकडे नेले आणि उरलेल्या पिठाचे अनारसे त्यावर थापले. तिळावरचे अनारसे मी जन्मात केले नव्हते. पहिले तीन हसले. मी तिथेच स्टुलावर बसले, वाटलं पुरे झालं हे सगळं. सु.ताईंनी तूप बदललं. मग चोवीस चांगले आले. दिसायला वेगळे, चवीला जवळपास तेच.

शनिवार, ७ फेब्रु.

बॅगा तयार. औषधं दोन पिशव्यांत वेगवेगळी, एक हरवली तर. स्वेटर, छत्र्या, प्लग. मी तिसऱ्यांदा उघडून बघितल्या.

दुपारी चहा झाल्यावर हे म्हणाले, "सुधाताईंकडचा डबा घेऊन ये. तपासून घेऊ."

नाटक करण्यात अर्थ नव्हता. आणला.

गॅलरीत उजेडाला पांढरा कागद अंथरला, खणातलं जुनं भिंग काढलं, टाचणी घेतली. एकेक अनारसा कागदावर. आधी वरची बाजू, मग खालची, मग कडा. चोवीस अनारसे, पाऊण तास. मी दारात उभी. तीन बाजूला काढले. पोळपाट तोच होता, मी घासला होता, तरी खाचेत राहिले असणार. खसखशीचे तांबूस बारीक दाणे, मला तर दिसलेही नसते.

मी म्हटलं, "द्या, टाकून देते."

"टाकून कशाला?"

"रिजेक्ट ना?"

भिंग खाली ठेवलं. "रिजेक्ट म्हणजे स्क्रॅप नव्हे. रिजेक्ट माल परत दुरुस्तीला जातो. पुन्हा तपासणीला येतो. स्क्रॅपचा शिक्का वेगळा असतो." आणि टाचणीने एकेक दाणा उचलायला लागले.

मी विचारलं, "हे निखिलला माहीत होतं का?"

चार वर्षांनी त्याचं नाव ह्यांच्यासमोर घेतलं. टाचणी थांबली. 

"त्याला कसं माहीत असणार. तो फॅक्टरीत नव्हता."

मग मला धीर आला. "फॉर्मवर नातेवाईक नाही असं का लिहिलंत?"

"त्याला न विचारता त्याचं नाव कसं देणार मी?"

ह्यांनी भिंग उचलून सदऱ्याला पुसलं, पुन्हा पुसलं. मी तोंड फिरवलं, मी बघत राहिलेलं ह्यांना आवडलं नसतं. तिन्ही अनारसे साफ करून परत डब्यात ठेवले. वर माझी 'नि.' लिहिलेली चिठ्ठी होती. ती सरळ करून लावली.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं की गुरुवारी मी एकटीच जाणार आहे. नाही सांगू शकले.

रविवार, ८ फेब्रु.

आज निघायचं तरी हे सकाळी बूट घालून दारात. "आठला येतो." एवढंच. कधी सांगत नाहीत कितीला येणार ते.

दूध काढायला फ्रिज उघडला आणि वे.प.वर नजर गेली. गुरुवारच्या रिकाम्या चौकोनात पेन्सिलीने, छापल्यासारख्या अक्षरात: २ ते ६ हॉटेल. (मी)

म्हणजे मी जाणार हे ह्यांना माहीत आहे. आणि तिथेही हे खालच्या बाकावर बसणार. परदेशात, हॉटेलच्या खोलीत, सहा वाजेपर्यंत.

सातला फोन आला. एरवी आत बसून बोलते, आज गॅलरीत गेले. नेहमीचंच, बॅगा झाल्या का, गोळ्या घेतल्या का. मी म्हटलं, "नि., मी एकटी येणार नाही."

"आई, प्लीज. चार दिवसांवर आलंय आणि आता?"

"मला यायचंय रे. तुला बघायला माझा जीव तुटतो. पण तुझे बाबा दर रविवारी खाली बाकावर बसतात, तुझा फोन संपेपर्यंत. चार वर्षं. पावसातसुद्धा. मला मंगळवारी कळलं." तेवढ्यात फाटकातून हे आत आले. साडेसात. माझ्याकडे वर बघितलं नाही. बाकावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. "आत्ताही बसलेत. मला दिसतायत."

  त्याच्याकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"गुरुवारी दोन ते सहा आम्ही दोघं हॉटेलवर असू. तू आलास तर ये. नाही आलास तर मी समजेन." हे शेवटचं खोटं होतं. मी समजणार नाही. पण बोलून बसले.

"मला विचार करू दे," म्हणाला. फोन ठेवला.

हॉटेलचं नाव आणि पत्ता पाठवला. त्याने वाचलंय. उत्तर नाही.

मी काय करून बसले? हातात आलेली भेट घालवली का? स्टेशन, जिना, फुलांचं दुकान, सगळं ठरलं होतं. आठपर्यंत गॅलरीत उभी होते आणि दर मिनिटाला वाटत होतं, परत फोन करावा, येते म्हणावं, एकटी येते. नाही केला. हे वर यायच्या आत पेनाने (मी) खोडलं आणि लिहिलं: (दोघं).

दुपारी साडेचार, बसमध्ये. मुंबईच्या विमानतळाकडे. तन्वीने दोनदा डोकी मोजली. सु.ताई खाली सोडायला आल्या होत्या, पहिल्यांदाच काही टोमणा न मारता.

फोन पंधरा वेळा बघितला. काही नाही.

बॅगा खाली गेल्या, डबा मात्र ह्यांनी दिला नाही, मांडीवर घेऊन बसलेत. वर तो संक्रांतीचा रुमाल बांधलाय, तिळगुळाचा. फोल्डरमधून वे.प.ची झेरॉक्स काढली. सकाळी आठनंतर काढलेली असणार, त्यावर माझी खाडाखोड आहे. गुरुवारच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"गुरुवारी त्या बागेतून हॉटेलवर कितीला पोचवतील?"

"दोनला."

"दोन म्हणजे सव्वादोन होणार. मग जेवण आधीच उरकायला हवं."

"उरकू."

"तन्वीला आत्ताच सांगून ठेव," म्हणाले, आणि डबा दोन्ही हातांनी धरला.